मंदाचे गोळे, राहिलेले शुक्रवार

जानेवारी १९७६, दुसरा रविवार. निजामपुरा, भिवंडी.

हजर: सासूबाई. भाऊजी, म्हणजे तुझा नवरा. ते पानावर बसले होते, जेवले असं म्हणता येणार नाही. आमचे हे. तुझी शैला. कोन गावच्या वन्सं. वडप्याहून तुझा भाऊ. वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आला आणि सवयीनं थेट स्वयंपाकघरात गेला, ती तुझ्या हातात द्यायला. दारातच थांबला. पिशवी मी घेतली. आणि मी.

पानं मांडली माणसांपेक्षा एक जास्त. ते चुकून नव्हे. पहिलं पान तुझं होतं.

मंदा, हे वाक्य लिहून हात थांबला. हात थांबला की मला काही सुचत नाही, म्हणून पुन्हा लिहिते आहे. तुझं तेरावं बुधवारी झालं. गोड झालं, भांडी परत गेली, सतरंज्या झटकून झाल्या. आपल्याकडे त्यानंतर एकदा मटण शिजलं की घर मोकळं झालं असं धरतात, ते आज. आणि ह्या सगळ्या कामांत मी निदान दहा वेळा तुला हाक मारली. 'मंदा, मोठी परात कुठे आहे?' 'मंदा, पाहुण्यांचं पाणी तापलं का?' हाक मारून झाल्यावर कळायचं. शैला समोर असेल तर मी हाकेचं खोकल्यात रूपांतर करायची.

तो शुक्रवार मला अजून पुढे सरकवता येत नाही. खाली कारखान्यातले लूम बंद होते. शुक्रवार म्हणजे भिवंडीत सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे आपल्या घरी मटण. खालची खटखट बंद असली की घरातले बारीक आवाज ऐकू येतात. स्टोव्हचा आवाज येत होता. तव्यावर तेल चुरचुरत होतं. तू पहिला गोळा उलथण्यावर घेतलास, मग तळहातावर, इकडून तिकडे झेललास, फुंकर घातलीस आणि माझ्या तोंडात दिलास.

"मीठ बघा, जाऊबाय."

गोळा फार गरम होता. मी हात वर केला, थांब म्हणून.

"अगो सांगा की. कमी हाय काय?"

आणि तू पाटावर बसलीस. पडली नाहीस. काम करून दमलेली बाई बसते तशी बसलीस, भिंतीला पाठ टेकून. म्हणून मला काही कळलं नाही. मी तोंडातला घास इकडून तिकडे करत होते. गिळला आणि तुझ्याकडे वळले, तर तू माझ्याकडेच बघत होतीस, आणि बघत नव्हतीस.

डॉक्टर आले, हृदय म्हणाले. चाळिशी न गाठलेल्या, कधी डोकं दुखलं म्हणून न निजलेल्या बाईचं हृदय. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. शेवटी ह्यांनी मला बाजूला नेलं.

परातीत तुझे वळलेले गोळे होते. एकासारखा दुसरा नाही, कुठे चपटा, कुठे टोक आलेला, आणि प्रत्येकावर तुझ्या बोटांचे दाब. माणसं यायला लागली, कुणी तरी स्टोव्ह विझवला, कुणी तरी ती परात उचलली. मी या घरातल्या चमच्यांचाही हिशेब ठेवते. ते गोळे कुठे गेले, मला माहीत नाही. कुणाला विचारलेलंही नाही.

*

आपलं भांडण गोळ्यांवरूनच सुरू झालं होतं, आठवतं? तू लग्न होऊन आलीस त्याच्या पहिल्या महिन्यात. मी कल्याणची. आमच्याकडे खिम्यात दही घालायचे, अंडं घालायचे, आणि कणकेसारखा मळून मळून एका मापाचे गोळे वळायचे. प्रत्येकाला किती वाटणीला येणार ते आधी ठरलेलं. तू शेजारी उभी राहून माझे हात बघत होतीस. नवी सून, डोक्यावर पदर, आणि तोंडानं:

"जाऊबाय, त्याला मालिश कशाला? तो काय कुस्तीला जायचा हाय?"

सासूबाई हसल्या. माझा राग मस्तकात गेला. दुपारी जेवताना आमच्या ह्यांनी माझा गोळा चमच्यानं कापायला घेतला आणि तो ताटातून उडून भाऊजींच्या मांडीवर गेला. घरात त्यावर किती वर्षं हसणं चाललं होतं! अजूनही कुणी कॅरम मांडला की हे म्हणतात, "सोंगट्या कमी पडल्या तर हिला गोळे करायला सांगा." म्हणतात नव्हे. म्हणायचे. गेल्या पंधरवड्यात कुणी काही म्हटलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तू करून दाखवलेस. खिमा बोटांच्या टोकांनी नुसता वरखाली केलास, तांदळात तूप मिसळावं तसा. पाव पाण्यात बुडवून पिळून घातलास. कांदा अगदी बारीक. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर वाटून. मीठ सगळ्यात शेवटी. अंडं नाही. "अंड्यानं घट्ट होतो गो. घट्ट गोळा पायजे तर बाजारात रबराचा मिलतो." हात गार पाण्यात बुडवून गोळे वळलेस, दाबले नाहीस. रस्सा उकळत होता त्यात कडेकडेनं एकेक सोडलास. मी पळी घेऊन पुढे झाले तर माझं मनगट धरलंस.

"पळी न्हाय. फडकं घ्या, टोप धरा नि हलवा. पोरगं पाळण्यात हलवतात तसं."

गोळे मऊ होते. ते मी त्या दिवशीच कबूल केलं. पण बरोबर काय ते सगळं तुझंच होतं असं मात्र नाही, मंदा, आणि तू गेलीस म्हणून मी तसं म्हणणार नाही. तुझे गोळे लहानमोठे असायचे. लहान शिजून सुकायचे तोवर मोठे आत कच्चे. एका मापाचे वळायला तू माझ्याकडून शिकलीस, तेही अर्धवट. रुंद टोप वापरायचा, गोळ्यावर गोळा चढू द्यायचा नाही, हे माझं. तू अरुंद पातेल्यात घालून खालचे पिचवायचीस. आणि पहिला गोळा एकटाच तव्यावर भाजून मीठ-तिखट बघायचं, मग बाकीचे रश्शात सोडायचे, हेही माझं. कच्चा खिमा चाखता येत नाही, आणि गोळे रश्शात गेल्यावर मीठ घालता येत नाही. तू आधी अंदाजानं करायचीस आणि तीनातून एकदा खारट करायचीस. भाऊजींना विचार.

विचार, असं लिहिलं. असू दे.

फक्त दह्याचं भांडण मिटलं नाही. मी म्हणायची, दोन चमचे दही घाल आणि खिमा तासभर ठेव, बघ कसा होतो. तू म्हणायचीस, दह्यानं रस्सा फुटतो. मी म्हणायची, माझा कधी फुटला नाही. तू म्हणायचीस, "तुमचा गोळा फुटत न्हाय तर रस्सा काय फुटंल."

*

मग गेल्या वर्षी आळीत शुक्रवारचे उपास आले. सोळा शुक्रवार, गूळ-चणे, आणि आंबट वर्ज्य. धरणारीनं ते खायचं नाही आणि त्या दिवशी घरातही कुणाला द्यायचं नाही. निम्म्या बायकांनी धरले, तूही धरलेस. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आपल्या घरात मटणाचा वारच शुक्रवार, तू काय करणार?

सासूबाई तर चिडल्याच. "उपासाच्या हातानं मटण करशील? देवीला कलल्याबिगर राहील काय?"

"आई, उपास माजा हाय, लूमचा न्हाय. मानसांना आठवड्यात एक सुट्टी गावते, त्यांनी का म्हनून चणं खावं?"

आणि करत राहिलीस. सकाळी पूजा, मग गोळे, मग संध्याकाळी गूळ-चणे. चिंच, लिंबू, दही फडताळातून माझ्या खोलीत हलवलंस, वर मलाच ऐकवलंस, "आता दह्यावर बोलायचं न्हाय. देवीचा हुकूम." माझ्या दह्याऐवजी कच्च्या पपईचा कीस घातलास, इवलासा. पहिल्यांदा जास्त झाला आणि सगळे गोळे रश्शात विरघळले. तो खिम्याचा रस्सा आपण मुद्दाम केलाय असं तू पंगतीत सगळ्यांना सांगितलंस. मी गप्प राहिले, त्याचे दोन कप चहा तुझ्याकडून वसूल केले.

उपासामुळे तुला चाखता येईना. म्हणून पहिला गोळा माझ्या तोंडात यायला लागला. तू वळायचीस, मी सांगायची. 'मीठ चिमूटभर.' 'मिरची पुरे.' 'पाव जास्त झाला, भज्यासारखं लागतंय.' तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस, निकाल ऐकायला बसल्यासारखी. मला ते आवडायला लागलं होतं. शुक्रवारी अकराच्या सुमारास मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघराशी घोटाळायची. तू ओळखलं होतंस. बोलली नाहीस, हे तुझं विशेषच.

उपास कशासाठी धरलास ते मात्र सांगितलं नाहीस. मी विचारलं. शैलासाठी? भाऊजींच्या धंद्यासाठी? नवा लूम?

"सांगितलं तर फलत न्हाय, जाऊबाय. उद्यापन झालं की सांगते. आणि त्याच्या दुसऱ्या दिशी गोळं तुमी करायचे. दही घालून. मी बसनार नि तुमी माज्या तोंडात देनार. मग मी सांगते काय ते."

हे आपलं ठरलं होतं.

*

आजचं सांगते. ह्यांचं म्हणणं होतं, शुक्रवारीच ठेवू, लूम बंदच असतात. मी नको म्हटलं. एकदा तरी तुझ्या उपासाच्या दिवशी मटण नको. म्हणून रविवार. शुक्रवार सोडून दुसऱ्या दिवशी आपले लूम थांबले, असं मी इथे आल्यापासून पहिल्यांदा घडलं. शेजारच्यांचे चालूच होते, त्यामुळे घर अर्धं गप्प आणि अर्धं खडखडत, असं विचित्र वाटत होतं.

खिमा आणायला मीच गेले. आजवर तू जायचीस. दुकानदार माझ्या मागे बघायला लागला.

"छोटी भाभी नहीं आयीं?"

मी मान हलवली.

"उनको बोलना, आज कंधा एक नंबर है. दो बार काटूँ ना? वो दो बार कटवाती हैं. चरबी थोड़ी रहने दूँ?"

"हो," मी म्हटलं. "हाँ. जैसा उनको लगता है."

त्यानं मटण धुतलं, निथळलं, दोनदा बारीक केलं. मी बघत उभी राहिले आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्या दुकानातही तू गेली असतीस. निघताना म्हणाला, "सलाम बोलना." मी बोलते म्हटलं. तो सलाम घे.

घरी आले, वाटणाचं खोबरं भाजायला ठेवलं. तेवढ्यात मोरीतून पाण्याचा आवाज. जाऊन बघते तर कोनच्या वन्सं खिमा परातीत घेऊन भरपूर पाण्यानं धूत होत्या. लाल पाणी मोरीतून वाहत होतं आणि त्याबरोबर खिम्याची सगळी चव.

"वन्सं! धुतलेल्या मटणाचा खिमा आहे तो!"

"अगो, सुतक फिटल्यावरचं पयलं मटण. बाजारातून आलेलं. मंदाच्या पानावर जायाचं. ते न धुता कसं घालू?"

मी काही बोलणार होते. पण त्या रडत होत्या, आणि खिमा धुतच होत्या. तेराव्यापर्यंत या घरात जे हाताला लागलं ते त्यांनी धुतलं, पाट, पडदे, देवघर, अगदी सुपाऱ्यासुद्धा. त्यांना दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. मला तरी कुठे कळतंय? मी याद्या करते.

तू असतीस तर म्हणाली असतीस, 'वन्सं, त्याला आता साबनपन लावा.' मला तुझा आवाज ऐकू आला आणि मी हसले. वन्संसमोर, आजच्या दिवशी. त्यांनी चमकून वर पाहिलं आणि मग त्याही हसल्या, रडता रडताच.

ओल्या खिम्याचे गोळे राहत नाहीत. मी तो पातळ पंच्यात बांधून खुंटीला टांगला. पिळला नाही, पिळला तर चोथा होतो. निथळेपर्यंत शैलाकडून बेकरीतले टोस्ट कुटून घेतले, भिजवलेल्या पावाऐवजी ते कोरडेच घातले, म्हणजे उरलेलं पाणी ओढून घेतील. डाळ्याचं पीठ मूठभर. चरबी धुऊन गेली होती, म्हणून चमचाभर तूप. पपई नाही घातली. आधीच भुसभुशीत, त्यात पपई म्हणजे तुझा तो मुद्दाम केलेला रस्सा. आलं-लसूण तुझ्या मापानं. कालवला तुझ्यासारखा, बोटांच्या टोकांनी. वळले माझ्यासारखे, एका मापाचे.

दही समोर होतं. वाटी भरून, घट्ट. रविवार, कुणाचा उपास नाही, आणि आपलं ठरलेलंही होतं की मी करीन तेव्हा दही घालून. चमचा हातात घेतला होता. नाही घातलं. खिम्यात पाणी आधीच जास्त होतं, दह्यानं अजून सुटलं असतं. एवढंच कारण, असं लिहिणार होते. पण उद्यापन झाल्यावर, असं तू म्हणाली होतीस. उद्यापन झालेलं नाही.

शैलानं तवा ठेवला, पहिला गोळा भाजला. अगदी तुझ्यासारखा तळहातावर घेतला आणि फुंकर मारत माझ्यासमोर आली.

"काकी, मीठ बघा."

मी तोंड उघडलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "पानाचं हाय ते. आदी चाखायचं न्हाय."

बरोबरच होतं. तुझ्या पानावर जाईपर्यंत कुणी उष्टं करायचं नाही. शैलाला ते माहीत होतं, मलाही होतं, आणि आम्ही दोघी विसरलो होतो, कारण हात आणि तोंड यांना सवय होती. तिनं गोळा वाटीत ठेवला. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी खिम्याचे हात दूर धरून उभी राहिले. तिला जवळ घ्यायला हात नव्हते, म्हणून हनुवटीनं धरली.

तर आजचे गोळे न चाखता केले. मीठ अंदाजानं. तुझ्यासारखं.

*

तुझं पान गच्चीवर ठेवलं. भात, रस्सा, चार गोळे, वालाची उसळ, तुझ्या भावानं आणलेल्या शेंगांची. कावळ्यानं फार वाट पाहायला लावली नाही. आला, एक गोळा उचलला आणि कारखान्याच्या पत्र्यावर जाऊन बसला. गोळा चोचीत फुटला नाही आणि उडालाही नाही. एवढं मला दिसलं.

मग खाली पंगत. तुला माहीत आहे, आपल्याकडे अशा जेवणाला बरं-वाईट म्हणायचं नाही. कुणी चांगलं झालंय म्हणत नाही, कुणी मीठ मागत नाही. सगळे खाली बघून जेवले. भाऊजींनी एक गोळा बोटांनी मोडला. सहज मोडला. खाल्ला. मग हात धुवायला उठले. आमचे हे माझ्याकडे बघून कॅरमचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. नाही बोलले. मी शेवटी बसले, पण घास गेला नाही. शैलाची वाटी फडताळात झाकून ठेवली आहे, तशीच.

तुला त्या शुक्रवारचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. तू विचारलंस, कमी हाय काय. मी हात वर केला होता तो गोळा गरम होता म्हणून, मीठ कमी म्हणून नव्हे. तुला तसं वाटलं तर नसेल ना, एवढंच माझ्या मनात घोळतंय. मीठ बरोबर होतं, मंदा. चिमूटभरही इकडे तिकडे नाही. पपई बेताची, मिरची बेताची. आजवरचा सगळ्यात चांगला गोळा होता. मी घास गिळून हेच सांगणार होते, आणि त्यावर तू चढून बसू नयेस म्हणून वर जोडणार होते, की दही असतं तर आणखी चांगला झाला असता.

आता राहिलेली कामं. रेशनकार्डावरचं नाव हे बघतील. तुझी लुगडी शैला म्हणेल तेव्हा. वडप्याला शेंगांची पिशवी परत पाठवायची, रिकामी नाही पाठवायची.

आणि शुक्रवार. सासूबाई म्हणतात, धरलेलं व्रत घरातल्या कुणीतरी पुरं करावं, अर्धं ठेवू नये. दोन राहिलेत की तीन, यावर आमचा वाद आहे. तो शेवटचा, तू संध्याकाळपर्यंत पोचलीच नाहीस, तो झाला असं धरायचं का? मी तीन म्हणते. आज दूध तापवलं, विरजण लावलं नाही. लिंबं शेजारी देऊन टाकली. गूळ आहे, चणे उद्या आणते.

फक्त पूजेला बसलं की आधी देवीला सांगावं लागतं, उपास कशासाठी. तिथे काय म्हणायचं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.